ओठावर "जर" आला तर: पहिल्या चुणचुणीपासून खपली पडेपर्यंत

धाकट्या बहिणीच्या लग्नाला चार दिवस राहिले होते आणि माझ्या वरच्या ओठाच्या कडेला चुणचुण सुरू झाली. मे महिना. पत्रिका वाटत बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली निम्मी गावं उन्हातनं फिरून झाली होती, दोन रात्री नीट झोप नव्हती. शेजारच्या काकींनी ओठ बघितला आणि म्हणाल्या, "जर यायलाय की गं. चुना लाव, रात्रीत जळून जातंय बघ." आमच्याकडे ओठावर येणाऱ्या पाण्याच्या फोडांना जर म्हणतात. मी चुना लावला. सकाळी ओठ भाजून सुजला होता आणि त्या भाजलेल्या कातडीवरच पाण्याचे फोड आले होते. हळदीच्या प्रत्येक फोटोत मी पदर तोंडाशी धरून उभी आहे. जर आठ-दहा दिवसांत गेला, चुन्याचा काळा डाग मात्र वर्षभर राहिला.

तेव्हापासून वर्षातनं दोन-तीनदा हा पाहुणा येतो. त्याच्याशी कसं वागायचं हे मी वाचून, डॉक्टरांना विचारून आणि स्वतःच्या ओठावर अनुभवून शिकले. आधीच सांगते, हा आजार मुळासकट घालवणारा उपाय कुणाकडे नाही, स्वयंपाकघरात नाही आणि औषधाच्या दुकानातही नाही. पण पहिली चुणचुण ओळखून त्याच दिवशी हालचाल केली तर त्रास बराच कमी होतो. आणि घरातल्या तान्ह्या बाळाला त्यापासून वाचवणं तर बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

हे नेमकं काय आहे?

आपल्याकडे कुणी म्हणतं जर आला, कुणी म्हणतं ताप फुटला, कुणी म्हणतं उष्णता बाहेर पडली. निपाणीकडच्या माझ्या आत्याच्या घरी "झोपेत कोळी फिरला" असं सांगायचे. डॉक्टर याला कोल्ड सोअर किंवा ओठावरची हर्पिस म्हणतात. कारण एकच: हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, बहुतेक वेळा त्याचा पहिला प्रकार, म्हणजे एचएसव्ही-1.

बहुतेकांना हा लहानपणीच मिळतो. आजी गालाचा पापा घेते, काकू आपल्या तोंडातला घास मऊ करून भरवते, भावंडं एकाच चमच्यानं खातात, तेवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या 50 वर्षांखालच्या सुमारे 64 टक्के लोकांच्या, म्हणजे जवळजवळ 380 कोटी माणसांच्या शरीरात हा विषाणू आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एकही फोड येत नाही. म्हणून हर्पिस हा शब्द ऐकून कुणाच्या चारित्र्यावर शंका घेणं निव्वळ अन्याय आहे. लग्न ठरलेल्या एका मुलीला ओठावरच्या फोडावरून सासरच्यांनी टोचून बोललेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पहिल्या लागणीनंतर विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला कवटीच्या आत असलेल्या एका गाठीत जाऊन झोपतो. ऊन, ताप, जागरण, पाळी, काळजी, ओठाला झालेली जखम, दातांचं काम, यांपैकी काहीतरी त्याला उठवतं. मग तो त्याच मज्जातंतूवरून परत ओठाकडे उतरतो. म्हणूनच जर वारंवार जवळजवळ त्याच जागी येतो. आणि आपल्या जुन्या माणसांचं "ताप फुटला" हे निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं, कारण ताप हा विषाणूला उठवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. फक्त फोडांवाटे ताप बाहेर पडतो आणि माणूस बरा होतो, हा त्यातला भाग खरा नाही.

आधी खात्री करा

ओठाच्या बाहेरच्या कडेला, एकाच ठिकाणी, द्राक्षाच्या घोसासारखे बारीक पाण्याचे फोड आणि त्याआधी तिथेच चुणचुण, आग किंवा खाज झालेली असेल, तर तो बहुधा जरच. तोंडाच्या आत गालाला किंवा जिभेखाली पांढरी जखम झाली असेल तर ते तोंड येणं, तो वेगळा प्रकार आणि तो लागत नाही. ओठांचे दोन्ही कोपरे चिरले असतील तर रक्त कमी असणं, जीवनसत्त्वाची कमतरता किंवा बुरशी असू शकते. लहान मुलाच्या नाकाखाली मधासारखी पिवळी खपली धरली असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्याला वेगळं औषध लागतं. नागीणही वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे येते आणि शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते.

पहिले 24 तास

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. चुणचुण सुरू झाल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण सहा तासांपासून एक दिवस मिळतो. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांना ती चुणचुण कळतेच, नसलेला केस ओठाला टोचावा तशी.

कळली की पहिलं काम, हात धुवा आणि त्या जागेला बोट लावणं थांबवा. आपण नकळत दहा वेळा तिथेच चाचपत राहतो. मिसरी लावणाऱ्या बायकांनी तेवढे दिवस मिसरी पूर्ण बंद ठेवावी. तेच बोट हिरडीवर, तेच ओठावर आणि तेच नातवाच्या तोंडाला, अशी साखळी चालते. (मिसरी कायमची सुटली तर फारच उत्तम, पण तो वेगळा विषय.)

मग बर्फ. सुती फडक्यात एक खडा गुंडाळून पाच-दहा मिनिटं जागेवर धरा, थोडा वेळ थांबा, पुन्हा धरा. दिवसातनं तीन-चारदा. बर्फाने विषाणू मरत नाही, पण ठणका आणि सूज स्पष्ट कमी होते. बर्फ थेट कातडीवर लावू नका. घरी फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं चालतं. वापरलेलं फडकं वेगळं ठेवून गरम पाण्यात धुवा.

असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं 5 टक्क्यांचं मलम लावायचं तर तेही याच वेळी, दिवसातनं पाच वेळा, चार-पाच दिवस. याचा फायदा लहानच असतो, साधारण अर्धा-एक दिवस लवकर बरं वाटतं, आणि फोड येऊन गेल्यावर लावलं तर तोही मिळत नाही. म्हणून माझ्या पर्समध्ये एक ट्यूब कायम असते. गोळ्या जास्त परिणामकारक आहेत. व्हॅलासायक्लोव्हिरचा मोठ्या माणसांसाठीचा एक दिवसाचा कोर्स असतो, 2 ग्रॅम आणि 12 तासांनी पुन्हा 2 ग्रॅम. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, वय झालं असेल, पोटात बाळ असेल, तर मात्रा आणि निर्णय दोन्ही बदलतात. वर्षातनं अनेकदा त्रास होणाऱ्यांनी एकदा डॉक्टरांना भेटून चिठ्ठी आधीच लिहून घ्यावी. रविवारी संध्याकाळी चुणचुण सुरू झाली आणि दवाखाना बंद असला की ती चिठ्ठी उपयोगी येते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या भागात औषधाच्या दुकानात "ओठाला काहीतरी झालंय" म्हटलं की पुष्कळदा मिश्र मलमाची ट्यूब हातात येते. माझ्या हातात आली होती. त्यावर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असं लिहिलेलं असेल तर ती ट्यूब परत करा. ही स्टेरॉइड आहेत. लालसरपणा दोन दिवस दबतो म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि जर पसरू शकतो. मला तेव्हा हनुवटीपर्यंत फोड आले होते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लाजू नका, दिसत नसतील तर दुकानदाराकडून वाचून घ्या.

फोड आले, फुटले, खपली धरली

दुसऱ्या दिवशी फोड येतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटून लस वाहते. ही लस विषाणूने भरलेली असते, दुसऱ्याला लागण्याची शक्यता या दिवसांत सर्वात जास्त. सुईने फोड फोडू नका. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने हलकेच टिपा, कापूस टाकून द्या, हात साबणाने धुवा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं.

जेवणाची अडचण या दिवसांत खरी. ठेचा, लोणचं, लिंबू, टोमॅटोचं सार, सगळं झोंबतं. मी ताकभात, मऊ मुगाची खिचडी, सायीचं दही आणि उन्हाळा असेल तर नाचणीची आंबील यांवर राहते. आंबील वाटीनं पिण्यापेक्षा चमच्यानं घ्या, म्हणजे ओठाला कमी लागते.

साधारण पाचव्या दिवसापासून पिवळसर-तपकिरी खपली धरते. बोलताना, हसताना ती चिरते आणि रक्त येतं. तिला कोरडं पाडण्याची धडपड करू नका, मऊ ठेवा. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर किंवा घरचं साजूक तूप पुरतं. लावायचं ते कापसाच्या काडीनं, आणि काडी पुन्हा डबीत घालायची नाही. नखाने खपली काढली की बरं व्हायचे दिवस वाढतात आणि डाग राहतो. सगळं मिळून सात ते दहा दिवस, कधी दोन आठवडे.

घरातली औषधं: काय चालतं, काय नाही

मध. जांबोटी-कणकुंबीकडचा मध आपल्या घरोघरी असतो, आणि मधाबद्दल सांगण्यासारखा चांगला पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये 952 मोठ्या माणसांवर मधाचं मलम आणि असायक्लोव्हिरचं मलम यांची तुलना केली गेली, 2019 मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांत ओठ पूर्ववत व्हायला सारखाच वेळ लागला, आठ-नऊ दिवस. पण तो मध तिथल्या कानुका झाडाचा, वैद्यकीय दर्जाचा, शुद्ध केलेला होता. आपल्या बाटलीतला मध तसाच काम करेल असं म्हणता येत नाही. तरी लावायचा तर खात्रीचा, भेसळ नसलेला, चमच्यात वेगळा काढून, दिवसातनं चार-पाचदा. मला त्याने खपली मऊ राहते एवढं निश्चित वाटतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, ओठालाही लावू नका.

कोरफड. परड्यातली पात कापली की आधी पिवळा चीक निथळू द्यावा, दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवावी, मग धुऊन आतला पारदर्शक गर घ्यावा. तो चीक झोंबतो आणि काहींना पुरळ येतं. गर थंड असतो, आग शमते. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

हळद आणि तूप आपल्याकडे प्रत्येक जखमेवर लावतात. जरावर हळदीचा वेगळा गुण येतो असा ठोस पुरावा नाही. स्वच्छ असेल तर अपाय सहसा होत नाही, पण उघड्या फोडावर डब्यातली हळद दाबू नका. ज्येष्ठमधातल्या एका घटकाचा प्रयोगशाळेत विषाणूवर परिणाम दिसला आहे, ओठावर तो किती लागू पडतो हे सिद्ध नाही. रक्तदाबाच्या माणसांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध पोटात भरपूर घेऊ नये.

शेंगदाणे आणि खोबरं बंद करा, त्यात आर्जिनिन नावाचा प्रथिनांतला घटक असतो, त्याने जर वाढतो, असं आता बरेच जण सांगतात. दूध-दह्यातलं लायसिन, म्हणजे तसाच दुसरा घटक, वाढवलं की जर येत नाही, असंही. लायसिनच्या गोळ्यांवर प्रयोग झाले, पुरावा कमकुवतच निघाला. बेळगावच्या माणसाला शेंगाचटणी सोडायला लावण्याइतकं त्यात काही नाही. तुम्हाला स्वतःला दर वेळी शेंगा खाल्ल्यावरच त्रास होतो असं दिसलं तर तेवढ्या दिवसांपुरत्या टाळा.

चुना, टूथपेस्ट, लसूण ठेचून, लिंबू-मीठ, तंबाखूचं पाणी, नेलपॉलिश काढायचं द्रावण, पातळ न केलेला तेलाचा अर्क, हे सगळं जागा भाजतं. भाजलेल्या जागेवर जर लवकर बरा झाला असं वाटतं, कारण फोड दिसेनासे होतात. खाली जखम खोल झालेली असते.

दुसऱ्याला लागू नये म्हणून

ओठावर जर असताना बारशाला जाऊ नका. गेलात तर बाळाजवळ जाऊ नका. जन्मानंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत या विषाणूची लागण बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकते आणि जीव जाऊ शकतो. आपल्याकडे घराबाहेरचं माणूस बाळाच्या गालाला तोंड लावतं तेव्हा बाळंतिणीला "नको" म्हणायची हिंमत होत नाही. ते काम सासूने किंवा आईने करावं. माझ्या भाचीच्या बारशाला आमच्या आईने दारातच सांगितलं होतं, "लांबनंच बघा हं, पापा कुणी घ्यायचा न्हाई." दोघी-तिघी रुसल्या, पण आईने ऐकलं नाही.

आईलाच जर आला तर दूध पाजणं थांबवायचं नाही. हात धुवावे, तोंडावर मास्क किंवा पदर घट्ट बांधावा, पापा घेऊ नये. फोड छातीवर असेल तर मात्र त्या बाजूने पाजायचं नाही आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं.

तालमीतल्या पोरांनाही सांगायचं आहे. कुस्तीत कातडीला कातडी घासते, म्हणून हा विषाणू पैलवानांच्या मानेवर, गालावर, दंडावर पसरतो. डॉक्टरांच्या पुस्तकात याला पैलवानांच्या नावाचंच वेगळं नाव आहे. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात मोठी कुस्ती लागली असली तरी ओला फोड असताना लाल मातीत उतरू नका. वस्तादांना सांगा, फोड पूर्ण सुकून खपली धरू द्या आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर उतरा.

घरात वेगळा ग्लास, वेगळा टॉवेल, एकच बिडी दोघांत नाही, लग्नघरात एकाच लिपस्टिकवर पाच जणी नाहीत. वरून पाणी प्यायची आपली जुनी सवय इथे उपयोगाची आहे. फोड असताना चुंबन आणि मुखमैथुन टाळा, हाच विषाणू गुप्तांगालाही लागू शकतो. फोड नसतानाही कधीकधी थोडा विषाणू लाळेत असतो, त्यामुळे शंभर टक्के बंदोबस्त शक्य नाही. पण ओल्या फोडाच्या दिवसांत सांभाळलं तर धोका बराच कमी होतो.

हा विषाणू डोळ्यालाही लागू शकतो, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी लेन्स लावण्याआधी हात धुवायचेच. लाळेने लेन्स ओली करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

पुन्हा येऊ नये म्हणून

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी चुणचुण झाली त्या तारखेला एक खूण करा आणि आधीचे दोन-तीन दिवस काय घडलं ते शेजारी चार शब्दांत लिहा. ऊन, पाळी, परीक्षा, ताप, भांडण, प्रवास. वर्षभरात तुमचं कारण तुम्हालाच दिसेल. माझ्या खुणा मार्च ते मे दाटीवाटीने आहेत, आणखी एक गणपतीच्या जागरणानंतर. जोतिबाच्या चैत्र यात्रेला पायी जाणाऱ्या माझ्या दिराला तर परतीच्या वाटेवर हमखास यायचा.

ऊन हे कारण असेल तर ओठालाही संरक्षण द्या. एसपीएफ 30 किंवा जास्तचा लिप बाम, बाहेर पडायच्या आधी आणि दर दोन तासांनी, जेवण झाल्यावर पुन्हा. ऊसतोडीला, भांगलणीला जाणाऱ्या बायका ओढणी नाकावरून बांधतात, ती ओठ झाकेल अशी बांधली तर पैसे न खर्चता निम्मं काम होतं. दिराने गेल्या दोन यात्रांना बाम आणि उपरणं दोन्ही वापरलं, दोन्ही वेळा ओठ कोरा राहिला. एका माणसाचा अनुभव आहे, पण त्याचं कारण त्याने नीट ओळखलं होतं.

डिसेंबरच्या थंडीत ओठ फुटतात त्या चिरांवाटेही त्रास सुरू होतो, तेव्हा रात्री झोपताना तूप. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा. वर्षातनं सहापेक्षा जास्त वेळा येत असेल तर रोजची कमी मात्रेची गोळी काही महिने देतात, तो निर्णय त्वचारोग डॉक्टरांचा.

डॉक्टरांकडे कधी

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

दोन आठवड्यांत बरं झालं नाही, फोड चेहऱ्यावर पसरले, बोटाच्या टोकाला आले, अंगावर इसब आहे आणि त्या जागी फोड उठले, केमोथेरपी चालू आहे, एचआयव्ही आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तर घरी थांबू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून बेळगावच्या सिव्हिलला त्वचा विभागात जाता येतं. तापाबरोबर माणूस असंबद्ध बोलू लागला, झटका आला, तर तातडीने मोठ्या दवाखान्यात.

आणि लहान मूल. पहिल्यांदा लागण होते तेव्हा पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कधीकधी खूप ताप येतो, हिरड्या सुजून लाल होतात, तोंडभर फोड येतात, लाळ गळत राहते आणि पोर पाण्याचा घोटही घेत नाही. अशा वेळी जबरदस्तीने घास भरवू नका. थंड ताक, थंड दूध, पातळ सरबत लिंबू न घालता, दर दहा मिनिटांनी दोन-तीन चमचे द्या. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना किंवा पोर गळून पडलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्या.